खेड्यातील हवेचे मोजमाप: नायट्रोजन ऑक्साइडे आणि नाकाडोंगरी

भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यातील नाकाडोंगरीच्या परिसरात नायट्रोजनची ऑक्साइडे हवेत मिसळण्याची कारणे एकाच ठिकाणी एकवटलेली नाहीत. डोंगरी बुजुर्ग येथील मॉयल कंपनीच्या खुल्या मँगनीज खाणीत सुरुंग उडतात व डिझेलवरचे डंपर धावतात, घरोघरी चुली पेटतात, आणि पहिल्या पावसाने भिजलेल्या, युरिया दिलेल्या जमिनीतील जिवाणूही नायट्रिक ऑक्साइड सोडतात. याखेरीज शेजारच्या गोंदिया जिल्ह्यात तिरोडा येथे ३,३०० मेगावॅटचे औष्णिक वीजकेंद्र आहे. अशी विखुरलेली आणि अल्प मात्रा मोजणे हे शहरातील चौकात हवा मोजण्यापेक्षा अवघड काम आहे.

भारतात रूढ असलेल्या जेकब-हॉखायझर पद्धतीत हवा सोडियम हायड्रॉक्साइड व सोडियम आर्सेनाइट यांच्या द्रावणातून खेचली जाते, त्यात नायट्राइट तयार होते, आणि प्रयोगशाळेत रसायने घालून आलेला गुलाबी रंग ५४० नॅनोमीटर तरंगलांबीला मोजला जातो. ही पद्धत स्वस्त आहे. मात्र आर्सेनाइट विषारी असते, आणि मोजमाप आठवड्यातून दोनच दिवस होत असल्याने वर्षाला १०४ दिवसांचेच आकडे हाती येतात.

अखंड मोजणाऱ्या यंत्राचे तत्त्व मोठे देखणे आहे. यंत्राच्या कोठडीत नायट्रिक ऑक्साइडची ओझोनशी गाठ घातली की उत्तेजित अवस्थेतील नायट्रोजन डायऑक्साइड बनतो आणि मूळ अवस्थेला येताना प्रकाश सोडतो. तो प्रकाश मोजला की वायूचे प्रमाण कळते. नायट्रोजन डायऑक्साइड स्वतः असा प्रकाश देत नसल्याने त्याला आधी तीनशे अंश सेल्सिअसहून अधिक तापलेल्या मॉलिब्डेनमवरून नेऊन नायट्रिक ऑक्साइड बनवावे लागते, आणि दोन वाचनांची वजाबाकी करून त्याचे प्रमाण काढावे लागते. खरी अडचण येथेच उद्भवते. तापलेले मॉलिब्डेनम नायट्रिक आम्लाची वाफ आणि पेरॉक्सिअॅसिटिल नायट्रेट यांसारख्या संयुगांचेही रूपांतर करते, त्यामुळे तीही नायट्रोजन डायऑक्साइड म्हणून मोजली जातात. धुराड्यापाशी या संयुगांचा वाटा नगण्य असतो, पण कित्येक तास उन्हात प्रवास करून खेड्यावर पोहोचलेल्या हवेत तो वाढलेला असतो. म्हणजे हवा जितकी स्रोतापासून दूरची, तितका आकडा फुगण्याचा धोका अधिक. मॉलिब्डेनमऐवजी सुमारे ३९५ नॅनोमीटरच्या प्रकाशाने विघटन करणारा परिवर्तक बसवला, तर ही चूक पुष्कळच कमी होते.

जमिनीवरील यंत्रांऐवजी उपग्रहाकडे पाहिले, तर ऑक्टोबर २०१७ मध्ये सोडलेल्या सेंटिनेल-५पी उपग्रहावरील ट्रोपोमी हे उपकरण दुपारी दीडच्या सुमारास वरून जाते आणि जमिनीपासून वरपर्यंतच्या हवेच्या स्तंभातील नायट्रोजन डायऑक्साइडचे एकूण रेणू मोजते. नाकाने घेतल्या जाणाऱ्या हवेतील त्याचे प्रमाण त्यावरून थेट कळत नाही. पावसाळ्यात ढग आड येतात, आणि हिवाळ्यात सकाळी जमिनीलगत कोंडलेला धूर दुपारपर्यंत विरलेला असतो.

२००९ च्या राष्ट्रीय मानकांनुसार नायट्रोजन डायऑक्साइडची वार्षिक सरासरी घनमीटरला ४० मायक्रोग्रॅमच्या आत असावी, तर जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची शिफारस १० मायक्रोग्रॅमची आहे. शिफारशीची मर्यादा एवढी खाली असेल, तेव्हा यंत्राने चुकून मिळवलेले दोन-तीन मायक्रोग्रॅमही निष्कर्ष बदलू शकतात. म्हणून भंडाऱ्याच्या भातपट्ट्यातील हवा मोजायची झाल्यास तेथील केंद्रावर प्रकाश-परिवर्तकाचेच यंत्र बसवावे, आणि प्रत्येक आकड्यासोबत तो कोणत्या पद्धतीने मोजला हेही छापावे.