पिस्तूल, नेमबाजीचे

ठरावीक अंतरावरील लक्ष्याचा अचूक वेध घेण्यासाठी एका हाताने धरून वापरावयाचे आखूड नळीचे शस्त्र. स्वसंरक्षणासाठी जवळ बाळगावयाचे पिस्तूल वा रिव्हॉल्व्हर आणि नेमबाजीचे पिस्तूल यांची मूळ यंत्ररचना पुष्कळदा सारखी असते; तथापि प्रयोजन वेगळे असल्याने मूठ, चाप, नेम धरण्याची योजना व वजन या चारही बाबतींत त्यांच्यात मोठा फरक पडतो. नवशिक्याची निवड बहुधा येथेच चुकते. तो शस्त्राची ताकद पाहतो. पाहावयाची असते ती त्याची हाताशी जुळणी.

दक्षिण कोकणात हा फरक विशेष जाणवतो. सावंतवाडी, कुडाळ, दोडामार्ग या भागांत बंदूक अपरिचित नाही. रानडुकरे व वानर यांच्यापासून पिकाचे रक्षण करण्यासाठी ठासणीच्या व काडतुसाच्या बंदुकांचे परवाने शेतकऱ्यांकडे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. परंतु बंदुकीला खांदा, गाल व दोन्ही हात असे आधार मिळतात. पिस्तुलाला केवळ पसरलेल्या एका हाताचा आधार असतो आणि हाताचे कंपन कितीही सरावाने पूर्णपणे थांबत नाही. त्यामुळे बंदुकीने उत्तम नेम साधणारा मनुष्यही पहिल्या दिवशी पिस्तुलाने लक्ष्यपत्राबाहेर गोळ्या मारतो. त्यात खजील होण्यासारखे काही नाही.

भारतात शस्त्रास्त्र अधिनियम १९५९ व त्याखालील २०१६ चे नियम यांनी ही निवड बरीच मर्यादित केली आहे. ९ मिमी. व्यासाची सैनिकी पिस्तुले सामान्य नागरिकास परवान्यावर मिळत नाहीत. म्हणून शासकीय आयुधनिर्माणींनी ·३२ व्यासाची शस्त्रे नागरिकांसाठी बनविली. कानपूर येथील ·३२ रिव्हॉल्व्हर हे त्यांपैकी सर्वपरिचित होय. त्याची नळी सु. ७६ मिमी. लांबीची असते. विशेष म्हणजे त्यात वापरले जाणारे ·३२ लाँग काडतूस हेच जगभरच्या सेंटर-फायर पिस्तूल स्पर्धांतही वापरतात. काडतूस एक असले, तरी शस्त्र एक नव्हे. ज्याच्या घरी असे रिव्हॉल्व्हर आहे, त्याने त्यावर नेमबाजी शिकण्याचा मोह टाळावा. याचे कारण साध्या भूमितीत आहे. नळीच्या टोकावरील माशी व मागील खाच यांतील अंतर जितके कमी, तितकी नेमातील चूक लक्ष्यावर मोठी होते. स्पर्धेच्या ·२२ पिस्तुलात हे अंतर २२० मिमी.पर्यंत असू शकते. माशी खाचेत १ मिमी. सरकली, तर २५ मी.वर गोळी सु. ११४ मिमी. सरकते. हेच अंतर १२० मिमी. असलेल्या शस्त्रात तेवढ्याच चुकीने गोळी २०० मिमी.हून अधिक सरकते. लक्ष्यपत्राच्या काळ्या भागाचा व्यासच २०० मिमी. असतो, हे ध्यानात घेतले म्हणजे आखूड नळीच्या शस्त्रावर शिकणाऱ्याला आपली चूक कोणती आणि शस्त्राची मर्यादा कोणती, हे का कळत नाही ते स्पष्ट होते.

दुसरे कारण धक्क्याचे आहे. मोठ्या काडतुसाचा आवाज व उसळी यांच्या भीतीने शिकणारा चाप ओढण्याच्या क्षणी नकळत डोळे मिटतो, मनगट खाली झुकवतो. ही सवय एकदा जडली, की हलके शस्त्र हाती दिल्यावरही ती जात नाही. ती मोडण्यास कधीकधी वर्ष जाते. लहान गावातील मुलाला सरावासाठी मिळणारा काळ व पैसा मोजकाच असतो. त्यातील एक वर्ष असे जाणे परवडणारे नसते.

म्हणून रेंजवर प्रथम हाती घ्यावे ते ४·५ मिमी. व्यासाचे हवाई पिस्तूल. सु. अर्ध्या ग्रॅमचा चपट्या डोक्याचा शिशाचा छर्रा ते सेकंदास सु. १५० मी. वेगाने फेकते. त्याची ऊर्जा ५ ते ६ ज्यूल भरते आणि २०१६ च्या नियमांनुसार २० ज्यूलच्या आतील व ४·५ मिमी.हून मोठा व्यास नसलेल्या हवाई शस्त्रास परवाना लागत नाही. १० मी. अंतर शाळेच्या सभागृहातही मिळते, २५ मी.साठी मात्र मातीचा भक्कम बांध व रीतसर मंजुरी लागते. सावंतवाडीसारख्या गावी नेमबाजी रुजावयाची, तर ती हवाई पिस्तुलानेच रुजेल. हा प्रकार १९८८ च्या सेऊल ऑलिंपिकपासून पुरुष व महिला दोघांसाठीही आहे. त्याच्या लक्ष्यावरील दहा गुणांचे वर्तुळ अवघे ११·५ मिमी. व्यासाचे असते, तेव्हा ‘हवेचे पिस्तूल म्हणजे पोरखेळ’ हा समज पहिल्या दहा छऱ्यांतच दूर होतो.

हवाई पिस्तुलांचे शक्तीच्या उगमावरून प्रकार पडतात. स्प्रिंग व दट्ट्याचे पिस्तूल स्वस्त व टिकाऊ असते. पण दट्ट्या पुढे आपटताना शस्त्र हलते. स्पर्धेसाठी बनविलेल्या जुन्या जर्मन नमुन्यांत हा हादरा यंत्ररचनेने शोषून घेतला जाई. दर वेळी तरफ ओढून हवा दाबावयाच्या पिस्तुलात हादरा जवळजवळ नसतो, बाहेरून हवा भरावी लागत नाही व देखभालही अल्प असते. त्याची तरफ मात्र जड असते. बारा-तेरा वर्षांच्या मुलास साठ छर्रे मारेपर्यंत दंड भरून येतात. आधी दाबून ठेवलेल्या हवेच्या नळकांड्यावर चालणारे पिस्तूल १९९० नंतरच्या काळात स्पर्धांत सर्वत्र रूढ झाले. त्यात सु. २०० बार दाबाची कोरडी हवा भरतात. पाणबुडे श्वसनासाठी जी टाकी वापरतात, तिच्यातील हवा यास चालते. मालवण-तारकर्ली किनाऱ्यावर पाणबुडी-पर्यटनामुळे अशा टाक्या आता परिचित आहेत. ऑक्सिजन मात्र चुकूनही भरू नये. तेलाच्या अंशाशी तो स्फोटक ठरतो. ज्या गावी हवा भरण्याची खात्रीची सोय नाही, तेथील संस्थेने निदान एक तरफेचे पिस्तूल बाळगावे, हे श्रेयस्कर.

पिस्तूल हाती आल्यावर प्रथम मूठ तपासावी. मूठ बहुधा अक्रोडाच्या लाकडाची, तळव्याखाली सरकता आधार असलेली असते व लहान, मध्यम, मोठी अशा मापांत आणि डावखुऱ्यांसाठी वेगळी मिळते. पिस्तूल नेहमीप्रमाणे धरून डोळे मिटावेत, हात लक्ष्याच्या उंचीपर्यंत उचलावा आणि मग डोळे उघडावेत. माशी खाचेच्या मध्यभागी आपोआप आलेली असेल, तर मूठ हातास जुळते. ती दर वेळी एकाच बाजूस दिसत असेल, तर मनगट वाकवून ती मध्ये आणू नये. मूठच घासून वा भर घालून बदलावी. लाकूड कोरण्यात मुरलेला कारागीर हे काम चांगले करतो आणि चितारआळीच्या गावात असा हात शोधावा लागू नये. नियमानुसार मुठीचा कोणताही भाग मनगटास आधार देणारा असता कामा नये.

यानंतर चाप. हवाई पिस्तुलाच्या चापावर किमान ५०० ग्रॅ., तर ·२२ पिस्तुलाच्या चापावर किमान १,००० ग्रॅ. ओढ असावीच लागते. नळी उभी धरून चापाला वजन टांगून ती तपासतात. चांगल्या चापाची ओढ दोन टप्प्यांची असते: पहिला टप्पा मऊ, नंतर स्पष्ट अटकाव आणि मग काचेची काडी तुटावी तशी सुटका. चाप घरंगळत किंवा अडखळत सुटत असेल, तर ते पिस्तूल कितीही नामांकित असो, शिकणाऱ्यास देऊ नये. वजनाची कमाल मर्यादा हवाई पिस्तुलास १,५०० ग्रॅ. आहे, प्रत्यक्षात एक किलोग्रॅमच्या आसपासचे शस्त्र पुरते. नवे पिस्तूल पहिल्या पाच मिनिटांत सर्वांनाच आवडते. चाळिसाव्या छऱ्यानंतर ते कसे वाटते, यावरून निर्णय करावा. लक्ष्यपत्रावर छर्रे मध्यभागी लागले की नाही हेही पाहू नये. खाच फिरवून ते मध्ये आणता येतात. दहा छर्रे किती लहान जागेत पडले एवढेच पाहावे.

हवाई पिस्तुलावर हात स्थिरावल्यानंतर ·२२ व्यासाचे पाच काडतुसांचे अर्धस्वयंचलित पिस्तूल चाचणीस घ्यावे. महिलांची २५ मी. स्पर्धा त्यावरच होते. तिच्या दुसऱ्या भागात लक्ष्य केवळ ३ सेकंद दिसते व तेवढ्यात ४५ अंशांवरील हात उचलून एक गोळी मारावयाची असते. म्हणून येथे उसळीनंतर माशी पुन्हा जागेवर किती लवकर येते, हे महत्त्वाचे. सावंतवाडीपासून घाट चढून गेल्यावर लागणाऱ्या कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी याच प्रकारात २०१३ मध्ये चांगवान येथील विश्वचषक स्पर्धेत व २०१८ च्या आशियाई क्रीडा स्पर्धांत सुवर्णपदक मिळविले. सेंटर-फायर पिस्तूल त्यानंतरचे. त्या प्रकारात महाराष्ट्राचे अशोक पंडित १९९० च्या ऑक्लंड राष्ट्रकुल स्पर्धांत विजयी झाले होते. ५० मी. पिस्तूल हा प्रकार २०१६ नंतर ऑलिंपिकमधून वगळण्यात आला. त्यासाठी खास शस्त्र घेण्याचे आता नवशिक्यास प्रयोजन नाही.

उत्तम शस्त्रही ऐन वेळी दगा देऊ शकते. टोकिओ ऑलिंपिकमध्ये २०२१ साली मनू भाकर यांच्या पिस्तुलात पात्रता फेरीतच बिघाड झाला व दुरुस्तीत बहुमोल मिनिटे गेली. अंतिम फेरी त्यांना थोडक्यात हुकली. इलेक्ट्रॉनिक चापाचे पिस्तूल निवडणाऱ्याने सुटे भाग व दुरुस्ती कोठे मिळेल, याची चौकशी आधी करावी. कोकणात हा प्रश्न अधिक बिकट होतो. जून ते सप्टेंबर हवेतील आर्द्रतेने पोलादावर दोन दिवसांत तांबेरा दिसतो, लाकडी मूठ फुगते व उघड्या डब्यातील छऱ्यांवर पांढरी पूड धरते. बंद पेटीत ओलावा शोषणाऱ्या पुड्या ठेवाव्यात आणि ओलसर फेसाच्या अस्तरात शस्त्र कधीही ठेवू नये.

शस्त्र विकत घेण्याची घाई नसावी. राष्ट्रीय रायफल संघटनेची १९५१ मधील स्थापना ज्यांच्या पुढाकाराने झाली, ते लोकसभेचे पहिले अध्यक्ष ग. वा. मावळंकर यांचे घराणे मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातील मावळंगे येथील. त्यांच्या नावाच्या अखिल भारतीय स्पर्धेपर्यंत मजल मारणारे कित्येक नेमबाज प्रारंभी संस्थेच्या सामाईक पिस्तुलावरच शिकलेले असतात. वापरलेले हवाई पिस्तूल घेण्यासही हरकत नाही. कमी वेगाच्या मऊ छऱ्यांमुळे त्याची नळी क्वचितच झिजते. रबरी वेष्टने मात्र कडक होतात व ती बदलून मिळतात. हवेच्या नळकांड्यावर कोरलेली तारीख पाहून घ्यावी. दहा वर्षे उलटलेले नळकांडे स्पर्धेत चालत नाही आणि सरावातही ते भरणे धोक्याचे असते.