प्लॅटिनमच्या जागी काजळी

सुरतेच्या कतारगाममध्ये कारागीर हिऱ्यांना पैलू पाडतात. तो हिरा आणि कंदिलाच्या काचेवर धरणारी काजळी, दोन्ही मूळचे कार्बनच. पण हिऱ्यातून वीज वाहत नाही. काजळीतून आणि पेन्सिलीतल्या ग्रॅफाइटमधून वाहते. म्हणून सूर्यप्रकाशावर चालणाऱ्या एका घटात हिऱ्याला नव्हे, काजळीला मान मिळाला आहे.

हा रंगाचा घट. १९९१ साली स्वित्झर्लंडमधील लोझान येथील ब्रायन ओ'रेगन आणि मायकेल ग्रेट्झेल यांनी तो जगापुढे मांडला. वीजवाहक काचेवर टायटॅनियम डायऑक्साइडचा, म्हणजे भिंतीच्या पांढऱ्या रंगात असते त्याच भुकटीचा, सच्छिद्र थर देतात व तो रंगात भिजवतात. पानातले हरितद्रव्य ऊन टिपते, तसा हा रंग ऊन टिपतो आणि आपला एक इलेक्ट्रॉन पांढऱ्या थराला देतो. तो इलेक्ट्रॉन तारेतून फिरून, वाटेत काम करून, समोरच्या दुसऱ्या काचेवर येतो. मधला आयोडीनयुक्त द्राव त्याला तेथून उचलून पुन्हा रंगाकडे पोहोचवतो. विहिरीवरच्या मोटेसारखेच: रिकामी मोट खाली आली नाही, तर पाणी वर यायचे नाही.

ही उचल झटपट व्हावी म्हणून दुसऱ्या काचेवर प्लॅटिनमचा पातळ मुलामा देतात. धातू महाग, शिवाय आयोडीन त्याला हळूहळू खातो. कार्बन या कामात प्लॅटिनमपेक्षा मंद आहे. परंतु काजळीचा जाड, सच्छिद्र थर दिला की आतली जागा इतकी वाढते की मंदपणा भरून निघतो. एक चपळ गडी नसेल तर दहा साधे गडी लावावेत, तसे. लोझानच्याच प्रयोगशाळेत १९९६ साली काजळी व ग्रॅफाइट वापरून उन्हातील सुमारे ६.७ टक्के ऊर्जेची वीज झाली. २००६ साली केवळ काजळीच्या थरावर ९.१ टक्के. भाताचा तूस आणि नारळाची करवंटी यांच्या कोळशावरही प्रयोग झाले आहेत. मात्र चुलीतला कोळसा कुटून भागत नाही. तो हवा न लागू देता फार मोठ्या उष्णतेवर तापवावा लागतो, तेव्हा कुठे त्यातून वीज नीट वाहते. थर काचेला घट्ट चिकटला पाहिजे, हीही अडचण आहेच.

आता आपल्या कामाचे. प्लॅटिनम वाचले म्हणून घट स्वस्त झाला, असे समजू नये. मुलामा अगदी पातळ असतो. खरा खर्च वीजवाहक काचेचा आणि द्राव गळू नये म्हणून करावयाच्या बंदोबस्ताचा. शेतपंपासाठी सिलिकॉनचेच पॅनेल घ्यावे. त्यात प्लॅटिनम लागत नाही, आणि आजची चांगली पॅनेले २० टक्क्यांहून अधिक देतात. रंगाच्या पॅनेलवर पंप चालवून देतो म्हणून कोणी आगाऊ रक्कम मागू लागला, तर देऊ नये. या घटाचे खरे बळ घरातल्या मंद उजेडात, लहानसहान उपकरणांना वीज पुरवण्यात आहे.

शाळेतल्या मुलांना मात्र तो जरूर दाखवावा. वीजवाहक काच मिळाली, तर जांभळाचा रस रंग म्हणून चालतो, आणि दुसरी काच मेणबत्तीच्या धुरावर धरली किंवा पेन्सिलीने घासली तरी पुरते. मीटरची सुई हलते, तेवढीच वीज मिळते. आयोडीनचे डाग कपड्यांवरून लवकर जात नाहीत, एवढे आयांनी ध्यानात ठेवावे.