सायटेशनमधले साल निकालाचे असतेच असे नाही

कमांडर कावस नानावटी यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला २४ नोव्हेंबर १९६१ रोजी. तो शोधायला वकील मात्र ‘एआयआर १९६२ एससी ६०५’ उघडतात. लॉच्या पहिल्या वर्षाचा विद्यार्थी इथे हमखास फसतो आणि टिपणात ‘१९६२ चा निकाल’ असे लिहून मोकळा होतो.

सायटेशन म्हणजे निकालाचा पत्ता. त्यावरून निकाल सापडतो, त्याची जन्मतारीख कळतेच असे नाही. एआयआर म्हणजे नागपूरहून प्रसिद्ध होणारे ‘ऑल इंडिया रिपोर्टर’. त्यापुढचे १९६२ हे खंडाचे साल, एससी म्हणजे सर्वोच्च न्यायालय आणि ६०५ हे पान. वर्ष संपता संपता आलेला निकाल पुढच्या वर्षीच्या खंडात छापला जाणे अगदी नेहमीचे आहे.

एकाच निकालाला दोन-तीन पत्ते असतात, हेही नवख्याला ठाऊक नसते. ‘एआयआर १९७३ एससी १४६१’ आणि ‘(१९७३) ४ एससीसी २२५’ ही दोन प्रकरणे समजून दोन्ही वेगवेगळी शोधणारे विद्यार्थी असतात. दोन्हीकडे निकाल एकच, केशवानंद भारतींचा. एससीसी म्हणजे ‘सुप्रीम कोर्ट केसेस’. तिथे सालानंतरचा आकडा खंडाचा. प्रकाशक बदलला की पत्ता बदलतो, या कटकटीतून सुटका म्हणून २०२३ पासून सर्वोच्च न्यायालय स्वतःच प्रत्येक निकालाला ‘न्यूट्रल सायटेशन’ देऊ लागले. त्यात ‘आयएनएससी’ अशी खूण असते. मुंबई उच्च न्यायालयाच्या अशा क्रमांकात ‘बीएचसी’ या अक्षरांनंतर ‘एनएजी’ दिसले तर निकाल नागपूर खंडपीठाचा, ‘जीओए’ दिसले तर गोव्याचा.

प्रकरणाच्या नावात ज्याचे नाव आधी तो तक्रारदार, ही समजूतही तशीच घट्ट. आधी नाव येते ते त्या विशिष्ट न्यायालयाचे दार ठोठावणाऱ्याचे. ‘एडीएम जबलपूर विरुद्ध शिवकांत शुक्ला’ घ्या. आणीबाणीत स्थानबद्ध झालेल्या शुक्लांनी दाद मागितली आणि मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने त्यांचे म्हणणे ऐकण्याजोगे ठरवले. त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले ते सरकार. म्हणून अतिरिक्त जिल्हा दंडाधिकाऱ्यांचे नाव पुढे आणि ज्याचे स्वातंत्र्य गेले तो मागे.

हेच प्रकरण आणखी एक गोंधळ निस्तरते. ‘रिव्हर्स’ आणि ‘ओव्हररूल’ हे शब्द सर्रास एकाच अर्थाने वापरले जातात. वरच्या न्यायालयाने त्याच प्रकरणातला खालचा निर्णय उलटवला तर तो रिव्हर्स. एप्रिल १९७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक अशा बहुमताने उच्च न्यायालयांचे निर्णय उलटवले, ते असे. पुढे ऑगस्ट २०१७ मध्ये पुट्टस्वामी प्रकरणात, म्हणजे वेगळ्याच खटल्यात, नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने आणीबाणीत स्थानबद्धाचे म्हणणे ऐकण्याजोगे नाही, हे १९७६ चे तत्त्वच मोडीत काढले; ते ओव्हररूल. त्याने जुन्या पक्षकारांचा निकाल मागे जाऊन बदलत नाही, पण यापुढे त्या निकालाचा आधार घेता येत नाही. १९७६ च्या बहुमतात न्या. य. वि. चंद्रचूड होते आणि २०१७ मध्ये ते बहुमत चुकीचे होते असे लिहिणाऱ्यांत त्यांचे चिरंजीव न्या. धनंजय चंद्रचूड. न्या. एच. आर. खन्ना यांचे १९७६ चे भिन्नमत आज बरोबर ठरले आहे, तरी तेव्हा ते बंधनकारक नव्हते. भिन्नमत कितीही तेजस्वी असो, त्या दिवशी कायदा बहुमताचाच.

सर्वांत जास्त अपघात होतात ते हेडनोटपाशी. निकालाच्या डोक्यावर छापलेला हा सारांश न्यायमूर्तींनी लिहिलेला नसतो. तो संपादकांचे काम असतो, निकालाचा भाग नसतो आणि तो न्यायालयापुढे उद्‌धृत करायचा नसतो. बंधनकारक असतो तो ‘रेशिओ’: निर्णय ज्या कायदेशीर कारणावर उभा आहे ते कारण. ओघात केलेली टिप्पणी म्हणजे ‘ओबिटर’. तिला वजन असते, पण रेशिओचे बळ नसते. रेशिओ निकालात ठळक अक्षरांत लिहून ठेवलेला असतो असे वाटत असेल, तर केशवानंद भारती वाचून पाहावा. तेरा न्यायमूर्ती, सात विरुद्ध सहा असा कौल आणि अकरा स्वतंत्र निकालपत्रे. शेवटी बहुमताचा गोषवारा म्हणून एक पान जोडले गेले, त्यावरही तेरांपैकी नऊ जणांच्याच सह्या आहेत. संविधानाच्या मूलभूत चौकटीचे तत्त्व त्यातून नेमके कुठे आणि कसे निघते, यावर अभ्यासक अजून वाद घालतात.

बातम्यांतूनही एक गैरसमज पसरतो. विशेष अनुमती याचिका, म्हणजे एसएलपी, फेटाळली की मथळा येतो, ‘सर्वोच्च न्यायालयाचे शिक्कामोर्तब’. कुन्हयम्मद प्रकरणात (२०००) सर्वोच्च न्यायालयानेच स्पष्ट केले आहे की कारणे न देता एका ओळीत याचिका फेटाळली, तर त्याचा अर्थ एवढाच की अपिलाची परवानगी नाकारली. उच्च न्यायालयाचे तत्त्व बरोबर ठरवले, असा नव्हे.

राहिले ‘बेअर अ‍ॅक्ट’, म्हणजे भाष्याविना छापलेला कायदा. कलम पुस्तकात छापलेले आहे म्हणजे ते लागू आहे, अशी अनेकांची खात्री असते. २०१२ मध्ये मुंबई बंदबद्दल फेसबुकवर लिहिल्यावरून पालघरच्या दोन तरुणींना अटक झाली आणि त्यातून माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६ए सर्वोच्च न्यायालयात पोहोचले. श्रेया सिंघल प्रकरणात २४ मार्च २०१५ रोजी ते घटनाबाह्य ठरले. तरीही ते कायद्याच्या प्रतींत छापले जात राहिले, रद्द झाल्याची नोंद तळटिपेत. पोलीस त्याखाली गुन्हेही नोंदवत राहिले. २०२१ मध्ये हे कानावर आल्यावर न्यायालयाने आश्चर्य व्यक्त केले आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये, म्हणजे निकालानंतर साडेसात वर्षांनी, या कलमाखाली कोणावरही खटला चालवू नये असे पुन्हा बजावावे लागले.