काड्यापेटीतले मशीन

माझ्या टेबलाच्या खणात बरीच वर्षे एक काड्यापेटी होती. तिच्यात कापसात गुंडाळलेले मनगटी घड्याळाचे मशीन होते. केस नाही, तबकडी नाही, काटे नाहीत, नुसते यंत्र. आपले दुकान बंद करताना एका वृद्ध घड्याळदुरुस्ती कारागिराने ते मला दिले. म्हणाले, "साहेब, हे बिघडलेले आहे. वरची पट्टी दाबली की मधले चाक फिरायला लागते, पण पुन्हा दाबली तर थांबत नाही." या यंत्राभोवती स्वतःच्या हाताने एक घड्याळ उभे करावे, असे माझ्या मनाने घेतले. त्या उद्योगात जे शिकलो, ते आज आपल्याला सांगायचे आहे.

हे यंत्र साध्या घड्याळाचे नव्हते, क्रोनोग्राफचे होते. क्रोनोग्राफ म्हणजे रोजच्या वेळेबरोबर ज्यात स्टॉपवॉचही असते असे घड्याळ. चावीच्या वर आणि खाली एकेक बटण असते. आतली रचना मोठी गमतीची. स्टॉपवॉचसाठी निराळी स्प्रिंग नसते. घड्याळ चालूच असते. बटण दाबले की एक छोटे दातेरी चाक सरकते आणि चालत्या चाकाची गती मधल्या लांब सेकंदकाट्याला देते. थांबवले की ते चाक बाजूला होते. काटा शून्यावर आणण्याची युक्ती तर फारच सुंदर. त्याच्या अक्षावर पत्त्यांतल्या बदामासारखी एक चकती असते. तिच्यावर एक छोटी हातोडी येऊन दाबते. बदाम कोणत्याही कोनात असो, हातोडीखाली घसरत घसरत तो एकाच जागी येऊन थांबतो. अॅडॉल्फ निकोल यांनी १८४४ मध्ये या युक्तीचे पेटंट घेतले आणि आजच्या नव्या क्रोनोग्राफमध्येही ती तशीच वापरली जाते.

आता हे मशीन कोणाचे, हे ओळखायचे कसे? घड्याळाच्या धंद्यात तबकडीवर नाव एकाचे आणि आतले मशीन दुसऱ्याचे, हा जुना रिवाज आहे. स्वित्झर्लंडमध्ये व्हाल्जू, व्हीनस, लँडेरॉन, लेमानिया असे काही मोजके कारखाने क्रोनोग्राफची मशिने करीत आणि अनेक घड्याळ कंपन्या ती विकत घेऊन आपापल्या केसमध्ये बसवीत. म्हणून तबकडी हरवली तरी बिघडत नाही. बॅलन्स व्हीलच्या आसपास, बहुधा त्याच्या खालीच, कारखान्याची बारीक खूण आणि क्रमांक कोरलेला असतो. भिंगातून पाहिल्यावर माझे मशीन लँडेरॉन ४८ निघाले. आणि मग उलगडा झाला! या मशीनमध्ये वरचे बटण फक्त सुरू करते. थांबवायचे खालच्या बटणाने, आणि तेच पुन्हा दाबले की काटा शून्यावर येतो. ज्याला आम्ही रोग समजत होतो, तो त्याचा स्वभाव होता. खरा दोष वेगळाच होता. मधल्या चाकाच्या अक्षाचे, ज्यावर सेकंदकाटा बसतो ते सुईसारखे टोक मोडले होते. कोणीतरी चिमट्याने काटा ओढून काढला असणार.

अशी केसविना मशिने येतात तरी कुठून? उत्तर आहे सोने. दुसऱ्या महायुद्धानंतर स्वित्झर्लंडमध्ये प्रवाशांना विकण्यासाठी अठरा कॅरेट सोन्याच्या पातळ केसमधले क्रोनोग्राफ मोठ्या प्रमाणावर तयार झाले. तबकडीवर नुसते 'क्रोनोग्राफ सुइस' लिहिलेले आणि आत पुष्कळदा लँडेरॉनचे मशीन. पुढे सोने महागले. जानेवारी १९८० मध्ये तर भाव औंसाला ८५० डॉलरपर्यंत गेला. केस मुशीत गेल्या आणि मशिने खणात पडली. त्याआधीच, डिसेंबर १९६९ मध्ये, जपानच्या सेकोने क्वार्ट्झचे मनगटी घड्याळ बाजारात आणले होते. १९७० मध्ये स्विस घड्याळ उद्योगात सुमारे ९० हजार माणसे होती. १९८० च्या दशकाच्या मध्याला ती जेमतेम ३० हजारांवर आली. किल्लीची मशिने करणारे कारखाने एकामागून एक बंद पडले किंवा दुसऱ्यांत विलीन झाले.

कारखाना बंद पडला की सुटे भाग बंद होतात. म्हणून त्या यंत्रसामग्रीचे पुढे काय झाले, याला फार महत्त्व आहे. व्हीनस १७५ या मशीनची सामग्री चीनने विकत घेतली. हवाई दलासाठी क्रोनोग्राफ करण्याचे काम तिआनजिनच्या कारखान्याकडे १९६१ मध्ये सोपवले गेले. त्या मशीनचा वंशज सीगल एसटी १९ या नावाने आजही नवा मिळतो. व्हाल्जू ७७३४ ची सामग्री मॉस्कोला गेली आणि तिथे पोल्योत ३१३३ तयार झाले. तिसरी कथा तर ऐकण्यासारखी आहे. ल लोक्ल गावच्या झेनिथ कारखान्याला १९७५ मध्ये अमेरिकन मालकांनी यांत्रिक घड्याळे बंद करण्याचा हुकूम दिला. शार्ल व्हेर्मो या तिथल्या कारागिराने एल प्रिमेरो या क्रोनोग्राफचे साचे, हत्यारे आणि आराखडे माळ्यावर लपवून ठेवले, तेही व्यवस्थित नोंदी करून. १९८० च्या दशकात उत्पादन पुन्हा सुरू झाले ते त्या माळ्याच्या जोरावर.

तेव्हा पहिला धडा असा, की मशीन निवडताना नावापेक्षा त्याचे भाऊबंद किती आहेत, ते पाहावे. व्हाल्जू ७२ कोणाला नको असते? पण तेच मशीन थोडे सुधारून रोलेक्सने डेटोनात १९८८ पर्यंत वापरले. अभिनेते पॉल न्यूमन यांचा डेटोना ऑक्टोबर २०१७ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात सुमारे १ कोटी ७७ लाख डॉलरना गेला. अशा मशीनच्या एकेका स्क्रूला नावाची किंमत पडते. लँडेरॉन ४८, किंवा व्हाल्जूची ७७३३, ७७३४ ही कॅमवर चालणारी साधी मशिने भरपूर निघाली. त्यांना मान कमी, पण एकाला दुसऱ्याचा भाग मिळण्याची आशा जास्त.

दुसरा धडा पारखण्याचा. बटणाच्या जागची पट्टी दहा वेळा दाबून पाहा. सुरू, बंद, शून्य, हे तिन्ही न अडखळता व्हायला हवे. स्टॉपवॉच सुरू करताच बॅलन्स व्हीलचा झोका फारच मंदावला, तर चाकांचे दाते नीट जुळत नाहीत किंवा तेल सुकले आहे असे समजावे. पोलादी स्प्रिंगांवर गंज आहे का, ते पाहावे. आपल्याकडच्या पावसाळ्यात तो हमखास असतो. काही स्क्रू बसवण्याचे नसून चाकांमधले अंतर जुळवण्याचे असतात. ते सैल दिसले म्हणून पिळू नयेत. आणि मापे आधी घ्यावीत. माझे मशीन सुमारे ३१ मिलिमीटरचे. पण केवळ व्यास जुळून भागत नाही. तबकडीच्या पाठीवरचे पाय, छोट्या तबकड्यांच्या जागा, बटणांची उंची, काट्यांची भोके, सगळे त्याच मशीनचे लागते. एक गोष्ट मात्र कळकळीने सांगतो. जुन्या तबकड्यांवर आणि काट्यांवर अंधारात चमकणारा रंग असेल, तर तो खरवडू नका. त्यात रेडियम असू शकते. चमक गेली तरी किरणोत्सर्ग जात नाही. रेडियम निम्मे व्हायलाच सुमारे १६०० वर्षे लागतात. त्याची धूळ श्वासात जाणे घातक आहे.

आता माझ्या मोडलेल्या चाकाचे. दोन वर्षे शोधूनही ते मिळेना. दरम्यान एका विक्रेत्याकडे लँडेरॉन ४८ असलेले अख्खे चालू घड्याळ दिसले. स्टीलची केस, पाठीवर कोणाचे तरी नाव आणि निवृत्तीची तारीख कोरलेली. विक्रेता म्हणाला, "घ्या आणि फोडा, तुमचे काम होईल. नाहीतर मी फोडून सुटे विकणार आहे. त्यात पैसे जास्त येतात." मी ते घेतले. त्या रात्री चिमटा हातात धरून बराच वेळ बसलो. माझ्या हौसेपायी एक जिवंत घड्याळ मारायचे, कोणाच्या तरी तीस-पस्तीस वर्षांच्या नोकरीची खूण पुसायची? हात धजेना. ते तसेच ठेवले. आजही कधीकधी वापरतो. पुढे गंजून निकामी झालेले, केस नसलेले दुसरे लँडेरॉन मिळाले. त्याचे मधले चाक शाबूत होते.

म्हणून या छंदात पडणाऱ्यांना माझे सांगणे आहे: घड्याळ बनवायला अख्खे घड्याळ फोडू नका. आधीच अनाथ झालेले मशीन शोधा. जुन्या कारागिरांचे खण, मुंबईचा चोरबाजार, पुण्याचा जुना बाजार, इंटरनेटवरचे लिलाव, सगळीकडे ती निघतात. तेवढी वाट पाहायची नसेल तर नवे एसटी १९ घ्या. हात बसवायला ते उत्तम. आणि तयार झालेल्या घड्याळावर दुसऱ्याचे नाव छापू नका. तबकडी रंगवून, चार ठिकाणचे भाग जोडून नामांकित म्हणून विकलेल्या घड्याळांना परदेशातले संग्राहक 'मुंबई स्पेशल' म्हणतात. हे काही आपल्याला भूषणावह नाही.

माझ्या घड्याळाच्या तबकडीवर नाव नाही. दोन टाकून दिलेल्या मशिनांचे ते एक झाले आहे. दिवसाला अर्धा-एक मिनिट मागे पडते, त्याला माझी हरकत नाही. हातात घेणारा प्रत्येक जण मात्र वरचे बटण दोनदा दाबतो आणि म्हणतो, "बिघडलेले दिसते." मग मी खालचे बटण दाखवतो.