जुना संगणक सुरूच होत नाही तेव्हा

आपल्या समाजातील घरांत आणि अभ्यासिकांत दिसणारा संगणक बहुतेक वेळा जुना, म्हणजे दुसऱ्याने वापरून झालेला असतो. कार्यालये व कंपन्या ठरावीक वर्षांनी आपले संगणक मोडीत काढतात आणि तेच झाडून-पुसून नागपूरच्या बाजारात व तेथून आपल्या वर्धा जिल्ह्यात येतात. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नियमित पाठिंबा थांबविला, त्यामुळेही असे अनेक संगणक बाहेर पडले. पाच-सहा हजारांत वस्तू मिळते, तिची हमी मात्र दुकानाच्या पायरीपर्यंतच.

असाच एक संगणक वर्गणीतून आमच्या अभ्यासिकेसाठी घेतला होता. शिष्यवृत्तीचे अर्ज भरण्याच्या शेवटच्या आठवड्यात एका सकाळी तो सुरूच होईना. दिवा नाही, पंखा नाही, आवाज नाही. बी. ए. च्या दोन मुली अर्ज अर्धवट सोडून गेलेल्या, आणि त्यांची स्कॅन केलेली कागदपत्रे त्याच संगणकात. दुरुस्तीस बोलावलेल्या गृहस्थांनी झाकण न उघडताच "मदरबोर्ड गेला, साडेचार हजार लागतील," असे सांगितले. मी बँकेत कारकून, शिक्षण कला शाखेचे. विजेचे शास्त्र मी कधी शिकलो नाही. परंतु खात्यात रुपयाचा फरक आला तर आम्ही एकदम वही फाडून टाकत नाही, एकेक नोंद तपासत मागे जातो. त्याच सवयीने मी त्या डब्याकडे पाहिले. त्या दिवशी व नंतर जे समजले ते येथे मांडीत आहे.

प्रथम हे ठरवावे की संगणक "सुरू होत नाही" म्हणजे नेमके काय होते. पंखा फिरतो, दिवा लागतो, पण पडद्यावर काही येत नाही, हा एक आजार. बटण दाबूनही काहीच हालचाल नाही, हा दुसरा. रॅमची पट्टी काढून खोडरबराने घासण्याचा जो उपाय प्रत्येक जण सांगतो, तो पहिल्या आजारावरचा आहे. दुसऱ्यावर तो सहसा लागू पडत नाही. येथे विचार दुसऱ्याचाच आहे.

तपासणी भिंतीपासून सुरू करावी. ज्या सॉकेटमध्ये पिन घातली आहे तेथे टेबललॅम्प लावून पाहावा. केवळ टेस्टर लावून समाधान मानू नये. न्यूट्रल तुटलेली असली तरी टेस्टर पेटतोच, कारण तो फक्त फेज दाखवितो. एक्स्टेन्शन बोर्ड व यूपीएस बाजूला काढून पिन थेट भिंतीत लावावी. यूपीएसची बॅटरी साधारण दोन-तीन वर्षांत थकते आणि काही यूपीएस थकल्या बॅटरीवर सुरूच होत नाहीत. दोष मात्र संगणकाला लागतो. त्यानंतर वायर. मॉनिटरची वायर बहुधा त्याच जातीची असते, ती काढून डब्याला लावून पाहावी. डब्याच्या मागे, वायर खोचतो तेथे, एक छोटे बटण असते. झाडलोट करताना ते बंद पडते, आणि पुष्कळांना ते बटण आहे हेच ठाऊक नसते. जुन्या काही डब्यांवर त्याच्याजवळ ११५ व २३० असे आकडे लिहिलेला लाल खटका असतो. तो २३० वरच हवा. मुलांनी चाळा म्हणून तो ११५ वर नेला व वीज सुरू केली, तर मोठा आवाज होऊन काम संपते.

येथेच अर्थिंगचेही सांगतो. डब्याच्या पत्र्याला हात लावल्यास मुंग्या येत असतील तर "एवढे चालतेच" म्हणून सोडू नये. विजेतील खडखडाट गाळण्यासाठी आत जी योजना असते, तिच्यातून थोडी वीज पत्र्यावर येते व ती अर्थिंगच्या तारेने जमिनीत जावी अशी अपेक्षा असते. आपल्या जुन्या घरांत तिसरे भोक नुसते शोभेला असते. ते काम वायरमनकडून आधी करून घ्यावे, संगणक नंतर.

बाहेर सर्व ठीक असेल तर आत जावे, पण पिन भिंतीतून काढूनच. पिन काढल्यावर समोरचे बटण अर्धा मिनिट दाबून धरावे, म्हणजे आत साठलेली वीज उतरते. कधी कधी एवढ्यानेच संगणक पुन्हा जागा होतो. असे का, हे समजून घेणे उपयोगाचे आहे. फार पूर्वीच्या संगणकांत समोरचे बटण विजेची मुख्य तारच तोडीत असे. १९९५ मध्ये एटीएक्स ही पद्धत आली आणि बटण नुसती सूचना देणारे झाले. पिन भिंतीत असेपर्यंत एसएमपीएस, म्हणजे वीज बदलून देणारी पेटी, ५ व्होल्टचा एक बारीक प्रवाह मदरबोर्डला सतत देत राहते. बटण दाबताच मदरबोर्ड त्या पेटीला "आता पूर्ण सुरू हो" असे सांगतो. म्हणून झाकण उघडून पिन परत लावली आणि बोर्डावर छोटासा दिवा पेटला, तर पेटी निदान अर्धी जिवंत आहे असे समजावे. असा दिवा प्रत्येक बोर्डावर असतोच असे नाही.

दिवा आहे पण बटण दाबून काही नाही, तर संशय बटणावर घ्यावा. जुन्या डब्याचे बटण हजारो वेळा दाबलेले, धुळीने भरलेले असते. बटणाची दोन तारांची टोपी मदरबोर्डावरून काढून त्या दोन पिना स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाने क्षणभर जोडाव्यात. तेथे वीज अगदी कमी असते, शॉकचे भय नाही. पण पिना त्याच आहेत ना, हे बोर्डावरील अक्षरे वाचून पक्के करावे. संगणक सुरू झाला तर साडेचार हजारांचा नव्हे, एका बटणाचा प्रश्न होता.

पेटीची स्वतंत्र परीक्षाही होते. तिची सर्व टोके बोर्ड व डिस्कपासून सोडवून २४ पिनांच्या मोठ्या टोकातील हिरवी तार व कोणतीही काळी तार कागदाच्या क्लिपने जोडावी, मग पिन लावावी. पंखा फिरला तर पेटीत जीव आहे. मात्र पंखा फिरणे म्हणजे प्रकृती उत्तम असे नव्हे. मल्टिमीटरने पिवळ्या तारेवर ११.४ ते १२.६, लालवर ४.७५ ते ५.२५ व्होल्ट यायला हवेत. कार्यालयातून आलेल्या ब्रँडेड संगणकांत पुष्कळदा तारांची रचनाच वेगळी असते, पिनाही कमी असतात. तेथे रंगावर विसंबून हा प्रयोग करू नये. आणि पेटी स्वतः कोणीही उघडू नये, विद्यार्थ्यांनी तर मुळीच नाही. तिच्यातील कपॅसिटरमध्ये सव्वातीनशे व्होल्टच्या आसपास वीज साठते आणि पिन काढल्यावरही काही काळ राहू शकते. पेटी बिघडली की बदलावी.

आमच्या अभ्यासिकेच्या संगणकात पेटी ठीक होती, बटणही ठीक होते. मग मी एकेक वस्तू सोडवीत गेलो: डीव्हीडी, डिस्क, शेवटी समोरच्या पेनड्राइव्हच्या खाचेची तार. ती काढताच पंखा फिरला. कोणीतरी पेनड्राइव्ह उलटा दामटल्यामुळे खाचेतील पत्र्या वाकून एकमेकींना टेकल्या होत्या व शॉर्ट होताच पेटी स्वतःला बंद करीत होती. ती तार आजही तशीच सुटी आहे, मागच्या खाचांवर काम चालते. त्या दोन्ही मुलींचे अर्ज त्याच रात्री गेले.

मदरबोर्ड खरोखर जातच नाही असे नाही. त्यावरील नळकांडीसारखे कपॅसिटर डोक्यावर फुगले किंवा त्यांतून तपकिरी रस आला असेल तर ते संपले. उष्णता त्यांची वैरी आहे. तापमान १० अंशांनी वाढले की त्यांचे आयुष्य साधारण निम्मे होते असा ठोकताळा आहे, आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. टिनाच्या खोलीत, भिंतीला चिकटवून, वर कापडी झालर घालून ठेवलेला संगणक किती दिवस टिकेल याचा विचार करावा. गोल नाण्यासारखी बॅटरी मात्र उगाच बदनाम आहे. ती संपली की घड्याळ चुकते; संगणकच सुरू न होणे हे क्वचित बोर्डांत घडते.

पुढच्या वर्षी मृगाच्या आधीच्या वादळात तोच संगणक पुन्हा गेला. वीज कडाडत असताना पिन भिंतीतच राहिली होती. बटण बंद होते, पण वर सांगितल्याप्रमाणे नुसत्या बटणाने वीज तुटत नाही. या वेळी पेटी खरोखर जळाली होती, तसा वासही येत होता. सीताबर्डीहून दुसरी आणली, हजाराच्या आत काम झाले. जळालेली पेटी भंगारवाल्याने जाळून तांबे काढू नये म्हणून अधिकृत ई-कचरा गोळा करणाऱ्यांकडे देण्यासाठी ठेवली आहे.

आणखी एक गोष्ट पालकांच्या विशेष ध्यानात असावी. संगणक सुरू होत नाही म्हणजे आतील फोटो, दाखले, हिशेब गेले असे नव्हे. ते हार्डडिस्कमध्ये असतात आणि डिस्क बहुधा शाबूत असते. चार स्क्रू काढून ती दुसऱ्या संगणकाला जोडता येते. डबा दुरुस्तीला देताना डिस्क काढून घरी ठेवावी, आणि देणे भागच असेल तर "फॉरमॅट करू नये" असे पावतीवर लिहून घ्यावे.

आमच्या डब्याच्या झाकणाला आतून मी एक चिठ्ठी चिकटविली आहे. पेटी कधी बदलली, किती वॅटची, समोरची खाच का सोडविली, एवढेच तिच्यावर लिहिले आहे. मागील महिन्यात अकरावीच्या एका मुलाने ती वाचून माझ्याशिवायच झाकण उघडले. उघडण्यापूर्वी पिन काढली होती का, हे मी त्याला विचारले. काढली होती.