पहिला चाकू दादासाठी



सोळा वर्षांचा एक मुलगा माझ्या दुकानात कानस घ्यायला आला. दादा फौजेत, सुट्टी संपायला आठ दिवस. त्याला द्यायला हा स्वतः चाकू घडवत होता, आयुष्यातला पहिला.

जीपच्या जुन्या पाट्याचं पोलाद. घासून आकार दिला, लाल होईपर्यंत तापवलं आणि थेट पाण्यात बुडवलं. मुठीजवळ केसाएवढी भेग पडली! हे पोलाद तेलात विझवतात. पाण्यात ते एकदम थंड होऊन तडकतं.

भेग मुठीखाली सहज झाकली असती. पण पोराने पातं भंगारात टाकलं.

दुसऱ्या खेपेला लोहचुंबक चिकटायचं थांबेपर्यंत, म्हणजे साधारण 770 अंशांपर्यंत, तापवलं. वर थोडी आणखी आच देऊन कोमट तेलात सोडलं. असं पातं कडक, पण ठिसूळ असतं. म्हणून ओव्हनमध्ये 200 अंशांवर दोन-दोन तास, दोनदा. धार सगळ्यात शेवटी.

आता धंद्याचं बोलू. आपला पहिला माल ओळखीचेच लोक घेतात आणि "छान आहे" म्हणतात. भेग कुठे आहे, हे फक्त आपल्याला माहीत असतं. म्हणून माल देण्याआधी स्वतःला विचारा: हा मी सीमेवर निघालेल्या दादाच्या हातात दिला असता का?