थॉरची दाढी

१९६२ साली स्टॅन ली, जॅक कर्बी प्रभृतींच्या अमेरिकन चित्रकथेत नॉर्स लोकांचा मेघगर्जनेचा देव थॉर अवतरला. जुन्या कथांतला थॉर तांबड्या दाढीचा; हा सोनेरी केसांचा, गुळगुळीत हनुवटीचा! वाचकांत दोन तट आहेत. एकाला ही पुराणाची मोडतोड वाटते. दुसरा म्हणतो, हातोड्याची गंमत पाहूनच आम्ही मूळ कथांकडे वळलो. आम्हांस दुसरा पक्ष पटतो. त्या कथा तेराव्या शतकात लिहून ठेवणारा आइसलँडचा स्नोरी स्वतः ख्रिस्ती होता. त्याच शतकात, १२९० साली, आपल्या नेवाशास ज्ञानेश्वरांनी ७०० श्लोकांची गीता सुमारे ९००० ओव्यांत मराठीत आणली. थोरवीची तुलना नव्हे. पण जुने नव्या वेषात आणू नये, असे नगरकरांनी तरी कोणत्या तोंडाने म्हणावे? दाढी मात्र ठेवावयास हवी होती.